विश्लेषण : खून कोणी केला हे माहीत असूनही 'दृश्यम' बघताना जीव टांगणीला का लागतो?

(सूचना : या लेखात 'दृश्यम' या चित्रपटाचा शेवट उघड केला आहे. 'सामना', 'अंधाधुन' आणि 'सायको' यांच्यातल्या काही प्रसंगांचाही उल्लेख आहे.)

सप्टेंबर संपत आला की आमच्या डिजिटल डेस्कवर एक प्रश्न हमखास येतो. गांधी जयंतीच्या बातम्यांची यादी होत असते आणि कोणीतरी विचारतं, "यंदा 'दृश्यम'ची मीम्स कोण गोळा करणार?" पणजी, सत्संग, पावभाजी आणि साळगावकर कुटुंबाचे ते दोन दिवस. चित्रपट ३१ जुलै २०१५ रोजी आला. त्यानंतर कितीतरी थ्रिलर येऊन गेले, त्यातल्या अनेकांची नावंही आता आठवत नाहीत. 'दृश्यम' मात्र दरवर्षी २ ऑक्टोबरला मोबाइलवर परत येतो.

गंमत म्हणजे, या चित्रपटात खून कोणी केला हे शोधायचंच नसतं. तो आपल्या डोळ्यांसमोर होतो. कोणी केला, का केला, कशाने केला, सगळं आपल्याला दिसतं. तरीही पुढचा दीड तास आपण खुर्चीच्या टोकावर बसतो. असं का होतं? आणि आजच्या बहुतेक 'ट्विस्टवाल्या' थ्रिलरना हे का जमत नाही?

'दृश्यम' मराठी वाचकाला जवळचा का?

मूळ 'दृश्यम' मल्याळम. जीतू जोसेफ यांनी तो २०१३ मध्ये मोहनलाल यांना घेऊन केला. हिंदी आवृत्तीचं दिग्दर्शन मात्र आपल्या निशिकांत कामत यांचं. 'डोंबिवली फास्ट' (२००५) आणि 'लय भारी' (२०१४) हे त्यांचेच चित्रपट. १७ ऑगस्ट २०२० रोजी त्यांचं निधन झालं. हिंदी पटकथेचं रूपांतर उपेंद्र सिधये यांचं आणि कॅमेरा 'किल्ला'च्या अविनाश अरुण यांचा. केरळमधली गोष्ट त्यांनी गोव्यात आणली. त्यामुळे साळगावकर, देशमुख, गायतोंडे ही नावं आपल्याला शेजारच्या गल्लीतली वाटतात.

नायक विजय साळगावकर केबलचा व्यवसाय करतो. शिक्षण चौथी नापास, पण सिनेमे बघून जगाची खडान्‌खडा माहिती. घरी बायको आणि दोन मुली. मोठ्या मुलीचा चोरून काढलेला व्हिडिओ दाखवून एक मुलगा ब्लॅकमेल करायला घरी येतो. झटापटीत मुलीच्या हातून त्याचा जीव जातो. तो मुलगा निघतो गोव्याच्या पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे एका केबलवाल्याने अख्ख्या पोलीस खात्याला दिलेली झुंज.

रहस्य, धक्का आणि सस्पेन्स : फरक काय?

आपण बोलताना तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. "भारी सस्पेन्स आहे, शेवटपर्यंत कळतच नाही," असं म्हणतो. पण शेवटपर्यंत कळत नाही ते रहस्य. सस्पेन्स वेगळा.

हा फरक सगळ्यात सोप्या भाषेत सांगितला तो आल्फ्रेड हिचकॉक यांनी. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९६२ मध्ये त्यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली आणि पुढे तिचं पुस्तक झालं. त्यातलं बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे. दोघे जण टेबलाशी बसून साध्या गप्पा मारत आहेत. अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. आता तोच प्रसंग, पण प्रेक्षकाला आधीच सांगितलंय की टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो एक वाजता फुटणार. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. दोघांच्या गप्पा त्याच, पण आता प्रत्येक वाक्य आपल्याला छळतं. 'अरे, उठा की तिथून!' असं ओरडावंसं वाटतं. पंधरा सेकंदांचा धक्का पंधरा मिनिटांचा सस्पेन्स होतो.

दोन प्रसंगांत फरक एवढाच, की दुसऱ्यात प्रेक्षकाला जास्त माहिती दिली.

आपल्याकडचं रहस्यपटाचं जुनं उदाहरण म्हणजे राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४). जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा हा चित्रपट. काशिनाथ घाणेकर यात वकील आहेत. ज्या पत्नीचा मृत्यू त्यांनी डोळ्यांनी पाहिला, तिच्यासारखीच हुबेहूब दिसणारी स्त्री समोर येते आणि 'मीच तुमची बायको' असं सांगते. इथे नायकाला उत्तर माहीत नाही आणि आपल्यालाही नाही. दोघे एकाच पायरीवर उभे. यावरूनच राज खोसला यांनी १९६६ मध्ये 'मेरा साया' केला. हे शुद्ध रहस्य, आणि उत्तम रहस्य.

'सामना' बघा. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकर यांचं लेखन. चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. डॉ. श्रीराम लागूंचा दारूडा मास्तर गावात येतो आणि एकच प्रश्न विचारत सुटतो : मारुती कांबळेचं काय झालं? सुरुवातीला आपल्याला उत्तराची उत्सुकता असते. पण समोर निळू फुलेंचा हिंदुराव आहे. सगळं गाव गप्प आहे. हळूहळू आपली काळजी बदलते. मारुती कांबळेचं काय झालं यापेक्षा, हा प्रश्न विचारणाऱ्या मास्तरचं काय होणार, याची धास्ती वाटू लागते. त्या क्षणी रहस्याचा सस्पेन्स झालेला असतो.

'दृश्यम'मध्ये कोणाला काय माहीत आहे?

इंजिनिअरिंग करताना लागलेली सवय म्हणा, पण हा चित्रपट मी तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा एक तक्ता केला होता. खुनानंतरच्या टप्प्यावर कोणाकडे किती माहिती आहे, एवढाच तो तक्ता :

• पोलीस : मुलगा बेपत्ता आहे. गायतोंडेने विजयला ती पिवळी गाडी चालवताना पाहिलंय. बाकी काही नाही.

• विजयचं कुटुंब : खून कसा झाला ते माहीत आहे. प्रेत परसातल्या खड्ड्यात आहे, असं त्यांना वाटतं.

• प्रेक्षक : कुटुंबाला माहीत आहे ते सगळं. शिवाय गाडी कुठे गेली, मोबाइलचं सिम कसं फिरवलं, मुलींकडून काय पाठ करून घेतलं, तेही.

• विजय : सगळं.

हा उतरता जिना नीट पाहा. पोलीस सर्वात खाली, आपण त्यांच्या बऱ्याच वर आणि विजय आपल्याहून फक्त एकदोन पायऱ्या वर. आपल्याला पोलिसांपेक्षा जास्त माहीत असतं म्हणून भीती वाटते. विजयपेक्षा थोडं कमी माहीत असतं म्हणून उत्सुकता टिकते. चित्रपट आपल्यापासून मुख्यतः दोनच गोष्टी राखून ठेवतो : तारखेची करामत नेमकी कशी केली आणि प्रेत खरं कुठे आहे. बाकी सगळं तो सांगून टाकतो.

'अंधाधुन'मधला (२०१८) प्रसंगही याच हिशेबाने चालतो. पुण्यात लहानाचे मोठे झालेले श्रीराम राघवन त्याचे दिग्दर्शक, गोष्टही पुण्यातलीच. अंध असल्याचं नाटक करणारा पियानोवादक एका फ्लॅटमध्ये वाजवायला बसतो आणि समोर त्याला प्रेत दिसतं. त्याला दिसतंय हे आपल्याला माहीत, तब्बूला माहीत नाही. तो वाजवत राहतो. आरडाओरडा नाही, पाठलाग नाही. तरी हात घामेजतात, कारण एक चुकीची नजर गेली तरी खेळ संपला.

पहिला भाग संथ आहे का?

'दृश्यम'बद्दलची नेहमीची तक्रार : सुरुवात फार संथ आहे. विजयचं चिंधी चिंधी पैसे वाचवणं, रात्री ऑफिसात बसून सिनेमे बघणं, फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवणं, पोलीस ठाण्यासमोरच्या हॉटेलातल्या गप्पा, गायतोंडेशी खटके. ओटीटीवर बघताना कित्येक जण हा भाग पुढे ढकलतात.

माझं मत उलट आहे. तोच भाग चित्रपटाचा पाया आहे. पूल बांधताना लोकांना वरचा रस्ता दिसतो, पण भार पेलतात खालचे खांब. रिसीव्हर बाजूला काढून ठेवण्याची सवय आधी दाखवली, म्हणून त्या रात्री घरून फोन लागत नाही तेव्हा आपल्याला तो योगायोग वाटत नाही. सिनेमे बघण्याचं वेड आधी दाखवलं, म्हणून चौथी नापास माणूस एवढं डोकं कसं चालवतो, असा प्रश्न पडत नाही. गायतोंडेशी वैर आधी दाखवलं, म्हणून नेमक्या त्यानेच पिवळी गाडी पाहिली की पोटात गोळा येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, या वेळात आपण त्या घरात राहायला जातो. धाकटी अनू आपल्याला आवडू लागते. ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही, त्याच्या टेबलाखाली बॉम्ब ठेवून काय उपयोग?

भीती नेमकी कुठे साठवली आहे?

विजयने रचलेली गोष्ट मजबूत आहे. तिकिटं आहेत, साक्षीदार आहेत. पण कितीही भक्कम यंत्रणा असली तरी तिची ताकद सर्वात कच्च्या दुव्याइतकीच असते. इथला कच्चा दुवा म्हणजे अनू. लहान मूल. ते किती मार सहन करणार?

दिग्दर्शक हे आपल्याला आधीच दाखवून ठेवतो. विजय घरच्यांना पोलीस काय विचारतील, कसे दरडावतील, हे समजावतो. उत्तरं घोकून घेतो. म्हणजे परीक्षेचा पेपर आपल्याला आधीच कळलेला असतो. मग प्रत्यक्ष चौकशी सुरू होते, तेव्हा आपण नुसते प्रेक्षक राहत नाही. आपणही मनात उत्तरं म्हणतो आणि कोण कुठे अडखळतंय ते बघतो.

२०१५ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. सीताबर्डीजवळच्या एका टॉकीजमध्ये मैत्रिणींबरोबर हा चित्रपट पाहिला. गायतोंडे त्या पोरीवर हात उगारतो तेव्हा मागच्या रांगेतले एक काका पडद्याशीच बोलू लागले : "सांगू नको वो माय, सांगू नको." कोणी हसलं नाही. कोणी 'शूऽऽ' केलं नाही. आम्ही सगळ्या मनात तेच म्हणत होतो.

आणि पोरगी सांगते. खड्डा खणला जातो. आत निघतं मेलेलं जनावर. टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या. तो धक्का एवढा जोरात बसला, कारण त्याआधीचा सस्पेन्स तेवढा ताणलेला होता. ताणल्याशिवाय गलोलीतून दगड जात नाही.

आपण चुकीच्या बाजूने का उभे राहतो?

आता जरा अडचणीचा मुद्दा. ते काका आणि आम्ही नेमकं काय मागत होतो? एका खुनाचा पुरावा सापडू नये, लहान मुलीने पोलिसांना खोटं सांगावं, एवढंच ना?

सस्पेन्सची ही ताकद हिचकॉकने १९६० मध्येच दाखवली होती. 'सायको'मध्ये नॉर्मन बेट्स खून झालेल्या बाईची गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते. त्या क्षणी प्रेक्षकाच्या मनात येतं, 'अरे, बुडू दे!' आणि मग लक्षात येतं, आपण कोणासाठी जीव टांगून बसलोय. पिवळी गाडी पाण्यात ढकलणाऱ्या विजयकडे बघतानाही आपलं तेच होतं.

कारण सरळ आहे. ज्याच्या नजरेतून संकट दिसतं, त्याच्या बाजूने मन झुकतं. 'दृश्यम'मध्ये आपण साळगावकरांच्या घरात आहोत, देशमुखांच्या नाही.

हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते काही वर्षांनी, घरी आईबरोबर टीव्हीवर बघताना. मी गायतोंडेचा अपमान एन्जॉय करत होते. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर मीरा आणि तिचा नवरा विजयला भेटतात. मुलगा कसाही असला तरी तो आहे की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. विजय थेट कबुली देत नाही, पण त्यांना कळेल अशा शब्दांत क्षमा मागतो. आई तेवढंच म्हणाली, "पण त्या बाईचं पोरगं गेलंच ना." मग उठून स्वयंपाकघरात गेली.

मला वाटतं, हा प्रसंग नसता तर 'दृश्यम' एक हुशार चित्रपट राहिला असता, एवढंच. दोन तास ज्या बाईला आपण शत्रू मानलं, तिचाही जीव टांगणीला लागला होता. आपल्याला सगळी उत्तरं माहीत होती. तिला एकही नाही. आपल्यासाठी जो सस्पेन्स करमणूक होता, तो तिच्यासाठी रोजची शिक्षा होता. अर्थात, तिच्या मुलाने केलेलं कृत्य आणि पोलीस ठाण्यात तिने त्या कुटुंबावर होऊ दिलेली मारहाण यांचं समर्थन होत नाही. पण चांगला थ्रिलर आपल्याला बाजू घ्यायला लावतो आणि मग त्या बाजूची किंमतही दाखवतो.

मग शेवटच्या ट्विस्टचं काय?

प्रेत नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली आहे, हा शेवट गाजला. पण तो चालतो कशामुळे? ते बांधकाम आपल्याला आधीपासून दिसत आलेलं असतं. ठाणं आपल्या समोर होतं, फक्त आपण त्याकडे बघत नव्हतो. शेवट बाहेरून चिकटवलेला नाही. म्हणूनच तो कळल्यावरही चित्रपट पुन्हा बघता येतो. उलट दुसऱ्यांदा बघताना मजा वाढते, कारण आता आपण विजयच्या पायरीवर पोहोचलेलो असतो.

एक सोपी कसोटी सांगते. शेवट कळल्यावर जो थ्रिलर पुन्हा बघवत नाही, त्याच्याकडे फक्त ट्विस्ट होता. जो बघवतो, त्याच्याकडे सस्पेन्स होता.

थोडं आमच्याबद्दलही

हे सगळं लिहिताना मला माझ्याच कामाची थोडी लाज वाटते. मोबाइलवर तुम्हाला रोज दिसणारे मथळे आठवा : 'अन् मग जे घडलं...', 'कारण ऐकून थक्क व्हाल'. असे मथळे मीही दिले आहेत. त्यात आम्ही माहिती लपवतो आणि त्याला उत्सुकता म्हणतो. तुम्ही क्लिक करता, आत काहीच निघत नाही, पुढच्या वेळी विश्वास थोडा कमी होतो.

अलीकडचे बरेच थ्रिलर याच वळणावर गेलेत. आठ भागांची मालिका, प्रत्येक भागाच्या शेवटी एक झटका, शेवटच्या भागात अशी व्यक्ती खुनी निघते जिच्याबद्दल आपल्याला काहीच सांगितलेलं नसतं. मग 'शेवटाचा अर्थ काय?' असे व्हिडिओ बघावे लागतात. लपवणं सोपं असतं. सगळं सांगूनही समोरच्याला धरून ठेवणं अवघड.

यात बघणाऱ्यांचीही थोडी जबाबदारी आहे. बॉम्ब टेबलाखाली ठेवला जात असताना आपण रील बघत असू, तर पुढच्या पंधरा मिनिटांच्या गप्पा कंटाळवाण्याच वाटणार. सस्पेन्सला आपलं लक्ष भांडवल म्हणून लागतं. तेच दिलं नाही तर व्याज कुठून मिळणार?

म्हणून पुढचा थ्रिलर बघाल तेव्हा फोन उपडा ठेवा आणि खुनी कोण हे ओळखण्याची घाई करू नका. त्याऐवजी दर थोड्या वेळाने स्वतःला विचारा : आत्ता मला काय माहीत आहे, जे पडद्यावरच्या माणसाला माहीत नाही? उत्तर सापडलं तर तुम्ही चांगल्या दिग्दर्शकाच्या हातात आहात. आणि जमलं तर दुसरा प्रश्नही विचारा : जिला काहीच सांगितलेलं नाही, अशी मीरा या गोष्टीत कोण आहे?